नापास लॉट हिरवा दिसला तेव्हा

निवृत्त होईपर्यंत मी जालन्याच्या एमआयडीसीत, एका बियाणे कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात होतो. गोदामाचं अँड्रॉइड ॲप माझंच. त्यातला प्रत्येक रंग मी हातानं बदलायचो: बियाण्याचा लॉट उगवण चाचणीत पास झाला, हिरवा कर, नापास झाला, लाल कर. पुढे साहेबांनी गोदामासाठी आयफोन घेतले आणि ॲप आयफोनवरही हवं झालं. त्यासाठी जाफराबादची एक मुलगी घेतली. कागदोपत्री ती माझ्या हाताखाली, पण शिकवायची तीच.

"काका, तुम्ही स्क्रीनला हुकूम सोडून राह्यलात," ती हसायची. "हितं हुकूम न्हाई चालत. लॉट पास हाये का नापास, एवढं एका जागी लिहा. स्क्रीन तिची ती रंगते."

"म्हणजे मी काहीच करायचं नाही?"

"बिलकुल न्हाई. तेच तर तुम्हाला जड जाऊन राह्यलं."

जड जात होतं खरं. स्क्रीन आपोआप रंगेल यावर माझा विश्वास बसेना. एका दुपारी ती डबा खायला गेली असताना तिनं लिहिलेल्या स्क्रीनच्या कोडमध्ये मी एक ओळ घातली: लॉटचा निकाल स्क्रीननं स्वतःकडेही उतरवून ठेवावा. तिला सांगितलं नाही. पुन्हा हसली असती.

उतरवलेला निकाल पहिल्यांदा होता तोच राहिला. सोयाबीनचा एक लॉट फेरचाचणीत नापास झाला, मूळ नोंद बदलली, पण गोदामातल्या आयफोनवर तो हिरवाच. पोती टेम्पोत चढली. आष्टीकडून तक्रारी आल्या, की बी उगवलंच नाही.

साहेबांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. "ही स्क्रीन कुणी लिहिली?"

"हिनं," मी म्हणालो.

ते खोटं नव्हतं, म्हणूनच तोंडातून सहज गेलं.

"सवलतीवर शिकून आलं की असंच होतं," साहेब म्हणाले. तेही मी मुकाट ऐकून घेतलं. त्याच संध्याकाळी तिला काढलं. नंतर मी ती ओळ गुपचूप खोडली आणि बिघाड दुरुस्त केला म्हणून शाबासकी घेतली. माझ्या निरोप समारंभात त्याचंही कौतुक झालं.

यंदा धीर करून तिला फोन केला. ओळ माझी होती, असं सांगितलं.

"माहितीये, काका. कुणी काय लिहिलं ते कोडमध्ये दिसतंच की. तवाच साहेबांना दाखवायला गेल्ते. म्हणाले, म्हाताऱ्या माणसावर ढकलती का? केबिनमध्ये तुम्ही नुसतं, ओळ माझी हाये, म्हणले असते, तरी बास होतं." मग म्हणाली, "आता मला कशाला सांगून राह्यलात? त्यांना सांगा."

गेलो. साहेबांनी चहा मागवला. "सोडा हो," म्हणाले, "जुनं कशाला उकरता? तिला कुठं काही अडलंय?"

कंपनीत नवीन येणाऱ्यांना आजही सांगतात, एका पोरीनं नापास लॉट सोडला होता. त्या पोरीनं सोडला नव्हता. मी सोडला.