कप्तानाचं मरण

"आता मरून दाखव रे," पाटील म्हणाले. अन् मी मेलो.

पाटलाच्या अंगणात आडवा झालो. उजवा हात अर्धा उचलला, धप्पकन पाडला. ओसरीवरचे पाहुणे खो-खो हासले. मीबी हासलो. माही पोरगी फाटकापाशी उभी होती, हातात यवतमाळच्या बोर्डिंगचा अर्ज धरून. पाटलाच्या सहीशिवाय तिले शाळेत घेत नव्हते.

चूक माहीच. धम्माची दीक्षा घेऊन आलो त्या साली चावडीवर कप्तानाची गोष्ट मीच सांगून बसलो. वाटलं, ऐकतीन, जरा मानूस समजतीन. लढाईत मी इटलीत जखमी उचलाच्या कामावर होतो. तिथं ग्रीस देशाचा एक कप्तान होता. आपल्या मुलखात बर्फात लढला, पायाची बोटं गेली. जर्मनांनी देश घेतला तं नावेत बसून इजिप्तात गेला, नव्या फौजेत भरती झाला, लंगडत लंगडत पुन्हा लढाईवर आला. एवढा साहेब, पन मह्या सलामाले रोज उलटा सलाम दे. गावात माहा जोहार कोनी कधी घेतला नाही. पाटील तं मले सोडून बैलाकडे पाहत.

शेवटी त्यालेच उचलाची पाळी मह्यावर आली. पोट फाटलं होतं. सवयीनं मी सलाम ठोकला. त्यानं हात उचलला, तो अर्ध्यातच राह्यला. वाटेतच गेला बिचारा. सख्ख्या भावासाठी रडावं तसा रडलो मी.

अन् त्याचाच पाटलानं तमाशा केला. पाहुना आला का मले बलावनं.

"वा! मस्त मेला," पाटील म्हणाले. "उद्या ये. जावई येऊन राह्यले, त्यायलेबी दाखव. मंग सही."

घरी येताना पोरीनं इचारलं, "बा, कप्तान मेला तवा तू हासला होता काय?"

मी रस्त्यातच खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी गेलो. उभाच राह्यलो.

"पड ना."

"नाही पडत."

"मंग सहीबी नाही."

"नका करू."

ह्या साली पोरगी शाळेत गेली नाही. मायसंगं वावरात तन निंदाले जाते. संध्याकाळी तो अर्ज काढते, पाहते, घडी करून ठेवते. माहा जीव तुटते. तहसीलदाराच्या सहीसाठी दारव्ह्याच्या कचेरीपुढं बसून राहीन, हाकललं तं पुन्हा जाईन. पुढच्या साली तिले यवतमाळले नेईन. पन पाटलाच्या अंगणात आता माहं खरं मढंबी पडनार नाही.