आईची खिडकी, सगळ्यांच्या वर

आईला विसरायचा आजार जडला तेव्हा ती नागपुरात होती आणि मी बंगळूरला, इंदिरानगरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, कंपनीचं काम घरून करत बसलेलो. एकदा तिला इकडे आणून पाहिलं. शेजारच्या अक्का रोज प्रेमाने कन्नडमध्ये काहीबाही विचारायच्या. आई नुसती हसायची आणि मग मला बाजूला घेऊन म्हणायची, चल, आता घरी जाऊ. शेवटी हात टेकले आणि तिला परत नेऊन सोडलं. दिवसभराच्या सोबतीला एक मावशी ठेवल्या. बहीण म्हणाली, उंटावरून शेळ्या हाकतोयस. हाकत होतो, दुसरं काय करणार!

ओळखीचा चेहरा सतत समोर राहिला तर ती मला विसरणार नाही, असं मी धरूनच चाललो होतो. मला तेवढंच हवं होतं, बाकी काही विसरली तरी चाललं असतं. सकाळी मावशी जेवणाच्या टेबलावर टॅब उभा करायच्या, मी व्हिडिओ कॉल लावायचो आणि तो संध्याकाळपर्यंत चालू. बोलणं फारसं नसायचं. ती मेथी निवडायची, मी कोड लिहायचो. मध्येच मान वर करून तिने "जेवलास का रे?" विचारलं की माझा जीव भांड्यात पडायचा.

भानगड अशी की मी लिनक्सवाला. पडद्यावर कुठली खिडकी कुठे आणि कुणाच्या वर, हे ठरवणारा विंडो मॅनेजर नावाचा प्रोग्राम असतो, त्याला सगळं लिहून सांगावं लागतं. नाहीतर दुसरं काही उघडलं की आई त्याच्यामागे. दृष्टिआड सृष्टी म्हणतात, ते मला नको होतं. मी नियम लिहिला, कॉलची खिडकी कायम सगळ्यांच्या वर. माझी कामं तीन-चार डेस्कटॉपवर वाटलेली, एकावरून दुसऱ्यावर गेलो की ती गायब व्हायची, मग प्रत्येक डेस्कटॉपवर दिसू दे, असंही लिहिलं. पुढे एका मीटिंगमध्ये मी स्क्रीन शेअर केली, तर अख्ख्या टीमला माझ्या ग्राफवर वाटाणे सोलणारी आई दिसली. मॅनेजर त्याच्या कानडी वळणाने म्हणाला, ते स्वल्प, जरासं बाजूला घ्या. मी घेतलं नाही. राग आला होता मला, त्याचा नव्हे, सगळ्याचाच.

एक दिवस आई रुसली. मी तिच्याकडे बघतच नाही म्हणे, मान खाली घालून बोलतो. खरंच होतं ते. खिडकी खालच्या कोपऱ्यात आणि कॅमेरा पडद्याच्या वर. मी तिला बघायचो तेव्हा तिला माझ्या पापण्याच दिसायच्या. इतके दिवस हे डोक्यात आलं नाही माझ्या! भर दुपारी हातातलं काम टाकून ते नियम लिहिलेली कॉन्फिग फाइल उघडली आणि खिडकीची जागा बदलली. वर, मधोमध, थेट कॅमेऱ्याखाली. मागचं निम्मं काम झाकलं गेलं, जाऊ दे म्हटलं. मावशींना सांगितलं, आईला समोर बसवा.

आई बसली. मी तिच्या डोळ्यांत पाहिलं, तिने माझ्या. बराच वेळ बघत राहिली. मग सावरून बसली आणि खांद्यावरून पदर पुढे घेतला.

"बसा हो," ती म्हणाली. "आमचा पोट्टा येईलच इतक्यात. तुम्ही त्याच्या ऑफिसातले ना?"

मावशी तिला काही सांगायला पुढे झाल्या, त्यांना मी हातानेच थांबवलं.

"हो," मी म्हणालो. "त्याच्याच ऑफिसातला."

ती खूश झाली आणि लहानपणी तो किती हट्टी होता, ते मला सांगू लागली.