शंभर टक्के प्रशिक्षित

लग्नात, तेराव्याला, मासिक सभेत, मला कुठेही उभं करा, चार माणसं हसवूनच खाली बसेन. माझ्या आयुष्यातली न सांगितलेली गोष्ट शोधायला गेलात तर माझी बायकोसुद्धा हात टेकेल. पण एक आहे. इंदिरानगरच्या आमच्या कट्ट्यावर नाही, घरी नाही, देवापुढेही नाही — ती मी कुठेच काढलेली नाही. आज काढतो. आणि सांगता सांगता मला रंग चढायला लागला, तर तेही या गोष्टीतच धरा.

मी आरोग्य सहाय्यक. डॉक्टरांच्या खाली, नर्सबाईंच्या वर, आणि दोघांच्या बोलण्याच्या मधोमध. आमचं आरोग्य केंद्र येवल्याच्या बाजूला. गावाचं नाव घेत नाही. पूर्वी प्रशिक्षण म्हणजे नाशिकला जायचं, हॉलमध्ये पंख्याखाली बसायचं, दुपारी गुलाबजाम खायचे आणि गटागटाने फोटो काढून परतायचं. मग सगळं मोबाईलवर आलं. व्हिडिओ बघायचा, तो पुढे ढकलता येत नाही, शेवटी चाचणी, पास झालात की प्रमाणपत्र. कल्पना वाईट होती का? मुळीच नव्हती. पण दर आठवड्याला वरिष्ठांची व्हीसी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स, व्हायची, आणि त्या बैठकीत पडद्यावर सगळी केंद्रं रंगवलेली दिसायची. ज्यांचे कोर्स पूर्ण ती हिरवी, ज्यांचे अपुरे ती लाल. लाल केंद्राच्या डॉक्टरांना सर्वांदेखत झापायचे. आमचं केंद्र लाल. आमचे डॉक्टर तरुण, व्हीसी आली की बिचारे खुर्ची कॅमेऱ्याबाहेर सरकवून बसायचे.

आणि तिथे मी अवतरलो.

मासिक सभेला सगळ्या सिस्टर आल्या की मी लसीच्या फ्रीजशेजारचं लांब टेबल रिकामं करायचो आणि त्यांचे मोबाईल ओळीने मांडायचो. प्रत्येकावर तोच व्हिडिओ. तीच बाई, तीच साडी, तेच "आजच्या सत्रात आपले स्वागत आहे" — एक फोन अर्धा शब्द पुढे, दुसरा अर्धा मागे, जणू कीर्तनकाराच्या पाठी झिलकरी उभे. मध्येच "आपण पाहत आहात ना?" असं पडद्यावर यायचं. ते आलं की मी या टोकापासून त्या टोकापर्यंत जलतरंग वाजवल्यासारखी बोटं मारत जायचो. ओटीपी आला की सिस्टर चहाचा कप हातात धरूनच आकडे सांगायच्या. चाचणीची उत्तरं मला पाठ. त्या व्हिडिओतल्या बाईंची नक्कल तर अशी करायचो की डॉक्टरही दार लोटून बघायला यायचे. बघता बघता आमचं केंद्र हिरवं झालं. शंभर टक्के प्रशिक्षित. व्हीसीत टाळ्या.

एवढं तर आमच्या तालुक्यात सगळ्यांना ठाऊक आहे. मीच सांगत फिरलोय. ते पाप असेल, पण लपवलेलं ते नाही.

लपवलेलं ज्योतीचं आहे.

नाव खरं नाही. कंत्राटावर नवीन लागलेली नर्स, येवल्याची, वडील पैठणीच्या मागावर. मला आप्पा म्हणायची. लसीकरणाच्या वेळी नर्सजवळ एक डबी असते. लस दिल्यावर एखाद्या बाळाला जोराची रिअ‍ॅक्शन आली, श्वास अडकला, अंग गार पडलं, तर लगेच द्यायचं इंजेक्शन त्यात असतं. असं क्वचितच होतं, इतकं क्वचित की बहुतेक जणींची नोकरी संपते पण डबी उघडायची वेळ येत नाही. ज्योतीला त्या डबीचीच धास्ती. त्या विषयाचा कोर्स आला, तेव्हा तिने फोन टेबलावर ठेवला नाही. छातीशी धरून म्हणाली, "आप्पा, हा एवढा मला बघू द्या. बाकीचे तुम्ही करा."

मी काय केलं? संध्याकाळपर्यंत आकडा कळवायचा होता, आणि एकटी ज्योतीच उरली होती. मी तिच्यासमोर गुडघा टेकला — हो, खरोखर टेकला — झोळी पसरली आणि भिक्षेकऱ्याच्या आवाजात म्हणालो, माय, एक फोन वाढ गं. सगळ्या खो-खो हसल्या. एक जण म्हणाली, दे बाई, नाहीतर आप्पा इथंच लोळण घेतील. ज्योतीही हसली. हसली आणि फोन दिला. मी रागावलो असतो तर ती कदाचित अडून बसली असती. पण हसणाऱ्या खोलीत नाही कसं म्हणायचं? ती जागाच मी तिला ठेवली नव्हती.

मग ते झालं. उपकेंद्रात लसीकरण चालू होतं आणि एका बाळाला रिअ‍ॅक्शन आली. बाळ वाचलं — हे आधी सांगतो, कारण स्वतःलाही मी दरवेळी हेच आधी सांगतो. ज्योतीने डबी उघडली, इंजेक्शन भरलं आणि ते हातात धरून डॉक्टरांना फोन लावत राहिली. किती द्यायचं, कुठे द्यायचं, विचारल्याशिवाय द्यायचं की नाही, तिला खात्री नव्हती. फोन लागेना. शेवटी कुणीतरी बोलावलेली अ‍ॅम्ब्युलन्स आली, तिच्यातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि बाळाला नाशिकला हलवलं. बरेच दिवस ते अतिदक्षता विभागात, काचेच्या आड होतं. त्याच्या आईने तक्रार केली. का करू नये?

चौकशीला वरून एक अधिकारी आले. डॉक्टरांची खोली, ज्योती भिंतीशी स्टुलावर, मी दाराजवळ. या सिस्टरचं त्या विषयाचं प्रशिक्षण झालंय, असं कॉम्प्युटरवर दिसतच होतं. तरी साहेबांनी मला विचारलं, खरंच झालंय का? त्यांना संशय असावा. मी "नाही" म्हणावं म्हणूनच त्यांनी विचारलं, असंही मला कधी कधी वाटतं. प्रशिक्षण झालं नसेल तर चूक आमची, सगळ्यांची. झालं असेल तर चूक तिची एकटीची. एवढं साधं होतं.

मी "हो" म्हणालो.

नुसतं "हो" म्हणून थांबलो असतो तर भित्रा ठरलो असतो. भित्र्यांना जगात काय तोटा? पण मला थांबता येत नाही. मी सांगायलाच लागलो. ही खिडकीजवळ बसली होती, साहेब, कानात इअरफोन, वहीत टिपणं काढत होती. एका ठिकाणी व्हिडिओ थांबवून तिने मला शंकासुद्धा विचारली. कोणती शंका, तीही मी रचली. चाचणीत एक उत्तर चुकलं नाही म्हणालो. साहेब लिहायचे थांबले आणि ऐकत राहिले. समोरचा माणूस गोष्टीत बुडाला की मला कळतं. आणि त्या क्षणी — हेच ते, हेच आजवर तोंडातून बाहेर पडलेलं नाही — त्या क्षणी मला आनंद झाला. गोष्ट जमली, याचा.

ज्योती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. आपण खरंच खिडकीजवळ बसलो होतो की काय, हे आठवून बघत असल्यासारखी. मग साहेबांनी तिला विचारलं, हे बरोबर का? ती काय म्हणणार? नाही म्हणाली तर खोटं प्रमाणपत्र घेतल्याचा ठपका, आणि बाकीच्या सगळ्या सिस्टरही गोत्यात. ती "हो" म्हणाली.

"एवढं मन लावून शिकलात," साहेब म्हणाले, "आणि ऐनवेळी हात चालला नाही?"

पुढचं कंत्राट तिला मिळालं नाही. "प्रशिक्षित असूनही निष्काळजी" असा शेरा पडला, आणि असा शेरा असलेली नर्स कुठल्याच केंद्राला नको असते.

मला काय झालं? काही नाही. उलट हल्ली इतर तालुक्यांतल्या नव्या सिस्टरना ऑनलाइन कोर्स कसे करायचे, हे शिकवायला मला बोलावतात. मी रंगवून शिकवतो. लोकांना मी आवडतो.

गेल्या वर्षी ती नाशिकच्या अंबड एमआयडीसीत भेटली. एका कारखान्यात पॅकिंगला लागली होती. शिफ्ट सुटून स्टॉपवर उभी होती. मी तोंड फिरवणारच होतो, पण तिनेच हाक मारली. माझ्या घरच्यांची चौकशी केली, बदली झाली का विचारलं. मग जरा थांबून म्हणाली, "आप्पा, त्या व्हिडिओत काय होतं हो?"

मी सांगितलं. दुसरं काय करणार? लक्षणं कोणती, माप कसं घ्यायचं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला द्यायचं, डॉक्टरांची वाट बघायची नाही — सगळं क्रमाने. नक्कल नाही, हातवारे नाहीत. ती ओठ हलवत ऐकत होती, पाठ करत असल्यासारखी. सांगून झालं तेव्हा तिची बसही अजून आलेली नव्हती.

"एवढंच होतं होय," ती म्हणाली.

"एवढंच," मी म्हणालो.

मग बस आली, ती गेली.

चौकशीतला माझा जबाब अजून तसाच आहे, खाली माझी सही. तो मागे घ्यायला कुठल्या ऑफिसात जायचं, कुणाला भेटायचं, मला पक्कं माहीत आहे. अंबडच्या त्या दिवसानंतर मी त्या ऑफिसात कितीदा तरी गेलोय. दरवेळी सगळ्यांना हसवून, चहा पिऊन परत आलोय.