दगड झालेल्या झाडाचा तुकडा

ते प्रकरण पोलीस ठाण्याच्या स्टेशन डायरीत चार ओळींचं आहे. माझ्या डोक्यातून मात्र आजही जात नाही.

रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. रोज कुणाचा तरी बंदोबस्त, त्यात वरून तगादा, जंगलपट्ट्यातून चोरटे हिरे शहरात येताहेत, पकडा. अशात भनपुरी वस्तीतल्या खबऱ्याने कानावर घातलं, "साहब, रेलवे का एक बाबू हर इतवार बोरी भर पत्थर लाता है. किसी को छूने नहीं देता."

छापा घातला. पलंगाखाली, न्हाणीत, देवघराशेजारी दगडच दगड. बाबू आमच्याच विदर्भाकडचे, निवृत्तीला आठ महिने उरलेले. पंचनामा करून त्यांना दगडांसकट ठाण्यात आणलं.

"हे काय आहे?"

"लाकूड आहे, साहेब."

माझं डोकंच फिरलं. "मला उल्लू बनवता? कुठून आणलं?"

"ते नाही सांगत. जागा सांगतली का लोक कुदळी घेऊन जातीन."

जागा न सांगणारा माणूस पक्का चोर, हा आमचा ठोकताळा. कोठडी मागायचे कागद तयार करायला घेतले. सरकारी नोकर अठ्ठेचाळीस तास कोठडीत राहिला की निलंबित होतो. हे त्यांनाही ठाऊक होतं, मलाही. तरी नोकरीबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. घोर एकच, "साहेब, तो मोठावाला फोडू नका. एकाच झाडाचे तुकडे हायेत. बारा वर्षं झाली, जोडून राहिलो."

मी हवालदाराला घण आणायला सांगितलं.

दगड फुटला. आत पांढरे खडे चमकले आणि मी ओरडलो, "सापडले!" बाबू तुकड्यांपाशी खाली बसले. एक कपची उचलून त्यांनी चक्क जिभेने चाटली आणि माझ्यासमोर धरली. ओल्या दगडावर खोडाची वर्तुळं दिसत होती, एकात एक. "पाहा आता," ते म्हणाले. डोळ्यांना धार लागली होती.

कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना बोलावलं. खडे निघाले साधी गारगोटी, आणि दगड खरंच लाखो वर्षांपूर्वीचं झाड. संध्याकाळच्या आत बाबूंना सोडलं, नोकरी वाचली. पण घरी जायला तयारच होईनात. शेवटी ठाण्याच्या अंगणात आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून तुकडे वेचले. अंगठ्याएवढा एक सापडलाच नाही.

आठवड्याने तो झाडलोटीत निघाला. उद्या नेऊन देतो म्हणत मी टेबलाच्या खणात टाकला. मग बदली झाली, मग आणखी एक. तुकडा दर वेळी सामानात. दिसला की मी खण लोटून द्यायचो. लाज वाटायची, दुसरं काय!

माझ्या निवृत्तीनंतर एकदाचा बाबूंच्या घरी गेलो. अंगणात जोडलेलं खोड उभं होतं, मधोमध अंगठ्याएवढं भोक. बाबूंची नजर गेली होती. मी नाव सांगून तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो चाचपला, खोडावरून हात फिरवला आणि पहिल्याच फटक्यात बसवला. मग विचारलं, "साहेब, इतके वर्षं काहून लावले?"

उत्तर न देणारा माणूस गुन्हेगार असतो, असं मी नव्या शिपायांना जन्मभर शिकवलं होतं.

मी गप्प उभा राहिलो.