बूट घातल्यावर खोका कशाला?

आमच्या जागेला कारखाना म्हणायचं की दुकान, हे अजून ठरलेलं नाही. चौकला जुन्या हायवेवर एक गॅरेज आहे, त्याच्या डोक्यावर दोन खोल्या. खाली ट्रकचे ब्रेक दुरुस्त होतात, वर आम्ही इलेक्ट्रॉनिक यंत्रं बनवतो. कोणी पाहुणा आला आणि त्याने विचारलं, "नवीन काय बनवलं?" की आम्ही यंत्र दाखवायला उठतो. तेवढ्यात कोणीतरी म्हणतं, "अगं, आधी ते सांग ना!" मग यंत्र राहतं बाजूला. किस्से बनवायची ऑर्डर आम्हाला कोणी देत नाही, तरी मालापेक्षा त्यांचाच साठा जास्त! त्यातले हे फ्रीजच्या यंत्राचे.

आम्ही चौघं. इम्तियाजभाई मालक, खालापूरचे. वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान वाढवत वाढवत इथवर आणलेलं. मोरेश्वरकाका सोल्डरिंग करतात. एका कंपनीतून रिटायर झाले आणि घरी आठ दिवस बसून कंटाळून आमच्याकडे आले. हर्षदा कशेळ्याची. घरी भातशेती, हिने डिप्लोमा केला. यंत्रात जे प्रोग्रॅम चालतात ते ती लिहिते. आणि मी नेरळहून येते, टेस्टिंग करते. म्हणजे हर्षदाने बनवलेलं मोडून दाखवते!

*

कशेळ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं आरोग्य केंद्र आहे. तिथे लसींचा फ्रीज. लाइट गेली, केंद्रात कोणी नसलं, की लसी तापून वाया. पुन्हा कधी येतील ते कोणी सांगू शकत नाही, आणि लांबच्या वाड्यांवरून पोरं घेऊन आलेल्या आया तशाच परत. म्हणून भाईंनी यंत्र बनवायला घेतलं. फ्रीज तापायला लागला की ते आपणहून सिस्टरना फोन करणार.

पहिलं यंत्र फोनवर नुसतं बीप बीप करायचं. केंद्रातल्या पुष्पा सिस्टरनी फोन कानाला लावून ऐकलं आणि यंत्र भाईंना परत दिलं.

"भाई, दिवसभरात मला सतरा बीप येतात. मी बघत पण नाय. हे बोललं पायजे."

"काय बोलू दे?"

"काय पण बोलू दे, पण माज्या सासूसारखं. पयल्या हाकेला उटले पायजे मी!"

मग हर्षदाने स्वतःचा आवाज रेकॉर्ड केला. "सिस्टर, फ्रीज तापलाय! धावा!" पहिलाच टेक असा काही जमला, की खालचा मेकॅनिक हातात पाना घेऊन जिना चढून वर आला. "कुठं आग लागली?"

तोच टेक ठेवला.

*

आवाज यंत्रात टाकला आणि यंत्र बसलं. मेमरी संपली!

तापमान बघायचं, फोन लावायचा आणि बोलायचं, ही तिन्ही कामं एका वेळी त्याला झेपेनात. मेमरीची मोठी चिप लावायची तर तयार झालेले सगळे बोर्ड भंगारात. कर्जतला महिन्याभराने आरोग्य खात्याच्या साहेबलोकांसमोर यंत्र दाखवायचं होतं आणि भाईंनी या कामापायी बाकीची दोन कामं सोडलेली. तिथे जमलं नाही, तर पुन्हा रेडिओ दुरुस्ती!

हर्षदाने आवाज दाबून दाबून लहान केला. सिस्टरनी ऐकला आणि विचारलं, "हा कोन पिंपात बसून बोलतोय?"

काका म्हणाले, "आवाज कमी करा की जरा. कमी आवाजाला कमी मेमरी लागेल."

"काका, हळू बोललं म्हणून शब्द कमी होतात का?"

"आमच्या घरी होतात!"

*

हर्षदा मात्र यंत्रासमोर ठाण मांडून बसली. यंत्र चालू करायची, चालू होताना पडद्यावर ज्या ओळी सरसर वर जातात त्या वाचायची, बंद करायची. पुन्हा चालू. पाच दिवस हेच. भाई दारातून डोकावायचे, विचारायचं धाडस मात्र करायचे नाहीत.

सहाव्या दिवशी तिने मला हाक मारली. "ताई, ह्या चिपवर काय लिवलंय?"

"बत्तीस एमबी."

"आनि यंत्र काय म्हंतंय बघा. माज्याकडं चोवीसच हायत. मग आठ गेले कुटं?"

आठ एमबी! आमच्या यंत्राच्या मानाने ही जहागीरच.

काकांना समजावं म्हणून तिने सांगितलं, "काका, गावात लग्न हाय. आचारी, मांडववाले, बँडवाले उतरवायला शाळेच्या दोन खोल्या घेतल्या. लग्न झालं, सगळी गेली आपापल्या घरी. पन खोल्यांवर 'राखीव' पाटी तशीच. पोरं बसलीत बाहेर, पडवीत. यंत्र चालू व्हायला जी जागा लागते ना, ती चालू झाल्यावर कोनी परत दिलीच नाय. आपले प्रोग्रॅम बसलेत पडवीत."

काकांनी सोल्डरिंग गन खाली ठेवली. "मग कुलूप तोड की!"

*

तोडण्याआधी विचारावं, म्हणून चिप जिथून येते त्या कंपनीच्या मदतीच्या नंबरला फोन लावला. पलीकडे एक अतिशय सभ्य साहेब. स्पीकरवर आम्ही चौघं.

साहेब म्हणाले, "मॅडम, ती मेमरी तुमच्या प्रोग्रॅमसाठी नाही."

"मग कोणासाठी आहे?" मी विचारलं.

"बूटसाठी. म्हणजे यंत्र चालू होण्यासाठी."

"पण बूट होऊन तर तासभर झाला!"

"हो, पण ती बूटसाठीच राखीव आहे, मॅडम."

"बूट झाल्यावर ती काय करते?"

काका आजवर 'बूट' म्हणजे पायातले बूट एवढंच ओळखायचे. ते फोनजवळ वाकले आणि म्हणाले, "साहेब, बूट पायात घातल्यावर खोका कोणी काखेत घेऊन फिरतं का?"

साहेबांनी "चेक करून सांगतो" म्हटलं. अजून चेक करतायत!

*

ऑपरेटिंग सिस्टिमला सांगायचं होतं एवढंच, की ही जागा आता राखीव नाही, येईल त्या प्रोग्रॅमला दे. हर्षदाने तसं लिहिलं. यंत्र चालू केलं. बत्तीस! आम्ही टाळ्या वाजवल्या. भाईंनी गॅरेजसकट सगळ्यांना वडापाव मागवला.

वडापाव यायच्या आत यंत्राच्या लहानशा स्क्रीनवर रंगीत पट्टे नाचायला लागले. त्या स्क्रीनवर आमचा लोगो असतो, भाईंच्या लेकीने शाळेत असताना काढलेला गुलाब. गुलाबाच्या पाकळ्या निळ्या झाल्या, मग हिरव्या, मग सगळा गुलाब विस्कटून पट्टेच पट्टे.

"अगं, माझा लोगो कुठं गेला?" भाई ओरडले.

हर्षदा स्क्रीनला नाक लावून बघत होती. यंत्राने फोन लावला की पट्टे हलायचे, फोन ठेवला की थांबायचे. एकदम तिने टेबलावर हात मारला.

"भाई, तुमचा लोगो ज्या जागेत होता ना, ती जागा आपन मोकळी केली. तिथं आता माजा आवाज येऊन बसलाय. स्क्रीनला कोनी सांगितलंच नाय, ती अजून तिथूनच चित्र उचलतेय. भाई, हा माजा आवाज दिसतोय!"

भाई वडापाव हातात धरून त्या पट्ट्यांकडे बघत राहिले. उपाय सोपा होता. आधी स्क्रीनला तिथून उठवायचं, मग जागा मोकळी करायची. पण स्क्रीनला द्यायला दुसरी जागा नव्हती, म्हणजे लोगो कायमचा जाणार. हर्षदाने भाईंकडे बघितलं.

भाईंनी घरी फोन लावून लेकीला विचारलं. ती आता कॉलेजात आहे. ती म्हणाली, "अब्बा, तो गुलाब नव्हता. ती कोबी होती!"

लोगो गेला.

*

मग माझी पाळी. ती आठ एमबी खरंच मोकळी आहे, की अजून कोणी तिथे चोरून येतंजातं? हर्षदाने प्रोग्रॅम लिहिला. सगळ्या जागेत एकच शब्द ठासून भरायचा आणि पुन्हा पुन्हा वाचून बघायचा. शब्द कोणता? तिने गाव भरलं. कशेळे, कशेळे, कशेळे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

दोन दिवस सगळी कशेळी जागच्या जागी. तिसऱ्या दिवशी जेवायला जाताना मी यंत्र झोपवलं, म्हणजे बंद न करता बॅटरी वाचवायला डुलकीवर टाकलं. येऊन उठवलं, तर एका कोपऱ्यात भलतेच आकडे!

"हर्षदा, तुझं गाव वाहून गेलं गं!"

ती हातातला डबा टाकून आली. दोन दिवस शोधलं, तेव्हा सापडलं. यंत्र चालू करून देणारे सगळे प्रोग्रॅम निघून गेले होते, पण एक जण राहिला होता. यंत्राला झोपवायचं आणि उठवायचं काम त्याच्याकडे, आणि तेवढ्यासाठी तो एक कोपरा धरून होता. त्याची जागा काढून घेतली, तर यंत्र एखाद्या दिवशी झोपायचं ते झोपायचंच. तेही डोंगराखालच्या त्या केंद्रात, लसींच्या शेजारी!

हर्षदाचा चेहरा उतरला. तिला आठच्या आठ पाहिजे होते. इतक्या जवळ येऊन थोडक्यात गेले, असं तिच्या मनात बसलं.

काकांनी शांतपणे विचारलं, "तुमच्याकडं मांडव उतरवताना मुहूर्तमेढ लगेच उपटतात का गं?"

"नाय."

"मग? बाकीचा मांडव ने की!"

तिने तेवढा कोपरा सोडला, बाकी सगळं घेतलं. पुढचे चार दिवस मी यंत्र झोपवलं, उठवलं, वायर ओढली, पुन्हा लावली. एक अक्षर हललं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला तिचं काही मोडता आलं नाही, आणि मीच पेढे आणले!

*

कर्जतच्या हॉलमध्ये आरोग्य खात्याच्या मोठ्या साहेबांनी स्वतःच्या हाताने फ्रीजचा प्लग काढला, दार उघडं टाकलं आणि समोर खुर्ची घेऊन बसले. दहा मिनिटं काहीच नाही. भाईंचा रुमाल पिळण्यासारखा झाला. मग टेबलावरचा फोन वाजला, आणि हर्षदाचा आवाज हॉलभर घुमला. साहेब खुर्चीतून अर्धे उठले!

उठलेच होते, म्हणून आमच्यापर्यंत आले. "मागं तर म्हणालात, मेमरी पुरत नाही. आता नवीन किती टाकली?"

हर्षदा म्हणाली, "एक कण नाय, साहेब."

"मग आली कुठून?"

"होतीच. चालू व्हायला घेतली होती, नंतर परत कोनी मागितलीच नाय."

साहेबांनी थोडा विचार केला. "आमच्या ऑफिसात या एकदा. तीन खोल्या अशाच अडकल्यात!"

*

यंत्रं लागली. त्यानंतर एका दुपारी आम्ही जेवत होतो आणि पुष्पा सिस्टरचा फोन आला. त्यांनी सांगितलं ते असं.

सकाळी सिस्टर एका मीटिंगसाठी कर्जतला निघाल्या होत्या. कशेळ्याहून शेअर जीप धरली, जीप नेहमीसारखी ठासून भरलेली. मागच्या बाकावर एका वाडीवरची एक तरुण आई, मांडीवर तान्हं पोर, सिस्टरना बघताच तिने पदर नाकापर्यंत ओढला. कारण दोन महिने सिस्टर तिच्या घरी खेपा घालत होत्या, आणि दर वेळी ती मागच्या दाराने निघून जायची. पोराला टोचून घेणार नाही म्हणजे नाही! तिच्या सासरी कोणीतरी भरवून दिलं होतं, की त्या बाटलीत काय असतं ते कोणाला ठाऊक.

जीप थोडी पुढे गेली आणि सिस्टरचा फोन वाजला. त्यांनी घाईत उचलला तो स्पीकरवरच. "सिस्टर, फ्रीज तापलाय! धावा!"

ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. "काय झालं वो, सिस्टर?"

"लशी हायत रं फ्रीजमदी. लाइट गेली वाटतं. मला उतरव, मी बघते कायतरी."

"उतरून काय चालत जानार? किती लांब हाय ते!" त्याने आरशातून मागे बघितलं. "काय रं, फिरवू का?"

एका म्हाताऱ्याला कोर्टाची तारीख होती. तो म्हणाला, "फिरव."

आख्खी जीप मागे फिरली. केंद्रापाशी सगळे उतरले. सिस्टर आत पळाल्या, थंड पेटीत बर्फाच्या पिशव्या भरल्या, एकेक बाटली बघून बघून त्यात ठेवली. म्हाताऱ्याने पेटीचं झाकण धरलं, ड्रायव्हरने शेजारच्या गावात फोन लावून जनरेटर कुठे आहे ते विचारलं. बाकीचे दाराशी उभे. शेवटची बाटली आत गेली. सिस्टरनी तापमान बघितलं आणि तिथेच जमिनीवर बसल्या.

"वाचल्या रं. सगळ्या वाचल्या."

तेव्हा ती पदरवाली पुढे आली. पदर मागे टाकला. पोर सिस्टरच्या मांडीवर ठेवलं.

"ज्या बाटलीसाटी आख्खी जीप मागं फिरली, ती वाईट कशी असंल? टोच."