कापराची वडी

कुठंही कापराचा वास आला की मला वडगावच्या आमच्या घरातली करोनातली ती दुपार आठवते. विणकामाचे माग बंद पडले होते, एकाही दवाखान्यात खाट मिळत नव्हती, आणि आप्पा मागाशेजारी चटईवर पालथे पडून श्वासासाठी तडफडत होते. आईनं साडीच्या चिंधीत कापराची वडी बांधून ती त्यांच्या नाकाशी धरली होती. मधूनच ती गाठ सोडून बघायची. "बघ गं, लई बारीक झाली वडी. म्हणजे श्वास आत जातोय न्हवं?" मी तेव्हा कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होते. कापराचे रेणू एकमेकांना इतके सैल धरून असतात की कुणी हुंगलं नाही तरी वडी न वितळता हवेत उडून जाते, हे मला पाठ होतं. "व्हय आई, जातोय की," मी म्हणाले. संध्याकाळी आप्पा गेले. पोटली चटईवरच राहिली. काही दिवसांनी आईनं ती उघडली, तर आत नुसती चिंधी. तिनं माझ्याकडं बघितलं. "मग ही वडी कुणी ओढली गं?" आता मी शाळेत शिकवते. कापूर कुठं जातो, ते पोरांना दरवर्षी सांगते. आईला अजून सांगितलेलं नाही.