सहीबाईंचा रिकामा रकाना

दहा मिनिटं मी एका ओल्या टॉवेलला बदकं दाखवत होतो.

हे आधीच कबूल केलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्या टॉवेलापायी घडलं. आठ महिन्यांच्या लेकीला घेऊन थीम पार्कला जायचं आणि तिथल्याच विश्रामगृहात तीन दिवस राहायचं, ही कल्पना माझी. "तिला काय कळणार त्यातलं?" असं बायको म्हणाली होती. "तिला नाही, आपल्याला तर कळेल," असं मी ऐटीत म्हणालो होतो. कळलं. पण ते जे कळलं ते आजतागायत पाठ सोडत नाही.

पार्कात बाळांसाठी बाबागाड्या मिळतात. सगळ्या पिवळ्या, सगळ्यांच्या टपाला सशाचे दोन कान. ओळख पटावी म्हणून बायकोने आमच्या गाडीच्या दांडीला जुन्या ओढणीची हिरवी चिंधी बांधली. मी ती पहिल्याच वळणावर सोडून खिशात घातली. एवढी चकचकीत जागा, आणि शेळीच्या गळ्यात बांधावी तशी चिंधी बांधून फिरायचं? लहान गावातल्या शाळेत शिकलेल्या माणसाला जगात एकच भीती असते, की कोणीतरी ओळखेल.

बायको उंच पाळण्याच्या रांगेत जाऊन उभी राहिली. जाताना म्हणाली, "तासभर तरी लागेल. माझा फोन तुझ्याच पिशवीत राहू दे, वरून पडायचा. आणि बाळाकडे बघ, इकडेतिकडे नको."

बाळ झोपलं होतं. ऊन लागू नये म्हणून गाडीवर मलमलचं फडकं टाकलं होतं. मी फोटोच्या काउंटरपाशी थांबलो. पाळण्यावर घाबरलेल्या लोकांची तोंडं तिथे फोटोत टिपून लावलेली असतात, आणि दुसऱ्याची भीती बघायला मला फार आवडतं. पोटभर हसून घेतलं, शेजारची पिवळी गाडी धरली आणि तळ्याकडे निघालो.

तळ्याकाठी बसून कार्यक्रम सुरू केला. "ते जाडं बदक म्हणजे तुझी आत्या. ते मागे राहिलेलं म्हणजे आपण." बाळ हूं की चूं करत नव्हतं. बापाजवळ लेकरू कसं शांत राहतं, असं स्वतःचं कौतुकही करून झालं. मग फडकं उचललं. आत गुंडाळलेला ओला टॉवेल, पोहायचे कपडे आणि एक थर्मास.

'पायाखालची जमीन सरकणे' हा वाक्प्रचार आम्हाला सातवीत होता. वाक्यात उपयोग मी त्या दिवशी केला.

धावत परत आलो तर काउंटरपाशी आमची गाडी नाही. फोटो विकणारी मुलगी शांतपणे म्हणाली, "रडणारं बाळ ना? सिक्युरिटीवाल्याने नेलं. भूतबंगल्याच्या मागे जा, सहीबाईंकडे. आणि ती गाडी इथेच ठेवा, एक बाई थर्मासासाठी रडकुंडीला आल्यात."

भूतबंगल्याच्या मागच्या भिंतीला चिकटून एक खोली होती. दारावर पाटी, 'हरवलेली मुले'. आत निळी सतरंजी, चार बुटक्या खुर्च्या, एक टेबल, टेबलावर दोरीने बांधलेली तीन पेनं आणि एक जाडजूड वही. भिंतीपलीकडे दर चार मिनिटांनी भूत हसायचं. यंत्राचं हसणं ते. शेवटी घशात घरघर करून थांबायचं आणि मग साखळ्या ओढल्याचा आवाज. साठीकडे झुकलेल्या एका बाईंच्या खांद्यावर माझी लेक होती, त्यांच्या चष्म्याची दोरी चोखत.

"माझी आहे ती!" मी ओरडलो.

लेकीने माझ्याकडे पाहिलं आणि टाहो फोडला.

"असं होय," सहीबाई म्हणाल्या. लेकीला थोपटत त्यांनी वही उघडली. "वजन?"

"सात किलो. साडेसात. सातच."

"दात?"

"दोन."

"तीन आहेत."

"काल दोनच होते हो मावशी!"

"झबलं कुठल्या रंगाचं?"

"पिवळं." झबलं पांढरं होतं. पिवळी गाडी होती.

त्या पहिल्यांदा किंचित हसल्या. "घाबरू नका. चोर असता तर सगळं बरोबर सांगितलं असतंत. चुकतात ते बापच." मी सुटलो म्हणून हात पुढे केले, तर त्या दोन पावलं मागे सरकल्या. "पण देणार नाही. आई येऊ दे."

"अहो, आई उंच पाळण्यावर आहे आणि तिचा फोन माझ्याकडे."

"मग बसा. पाळण्याखाली माणूस उभा करते. उतरल्या की आणेल."

बुटक्या खुर्चीवर बसलो, गुडघे कानाला लागले. त्या तासाभरात ही बाई मला कळली ती अशी.

तिशीत असताना त्या इथे तिकिटं फाडायला लागल्या. यजमान पार्कातली छोटी आगगाडी चालवायचे. हरवलेल्या मुलांच्या खोलीत बसायला कोणी तयार होईना, दिवसभर ते हसणं कोण ऐकेल, म्हणून यांना बसवलं. त्या बसल्या त्या कायमच्या. वहीत रकाने त्यांनीच आखलेले: वेळ, कुठे सापडलं, अंगावर काय, हातात काय, कोणी नेलं, सही. सहीशिवाय मूल हलत नाही. एकदा मोठ्या साहेबांचा नातू सापडला होता, तर साहेबांनाही रांगेत उभं करून सही घेतली. नाव पडलं सहीबाई. दोन मुलगे आहेत, दोघे लांब नोकरीला. "थोरला चिडवतो मला," त्या म्हणाल्या. "म्हणतो, आई, आम्ही हरवलो असतो तर आमच्याकडेही ओळखपत्र मागितलं असतंस."

"मागितलं असतंत?"

"दोनदा."

मग वही माझ्यापुढे सरकवली. "बायको आल्यावर इथे सही. आज, आत्ता. मागाहून नाही."

वातावरण हलकं करायची मला खोड आहे. म्हटलं, "मावशी, आमच्या घराण्यात सह्या उद्यावर असतात. माझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांनी वेळेत सही केलीय असं एक वर्ष नाही. 'उद्या करतो सही', हे त्यांचं ब्रीद. आमचे गुरुजी म्हणायचे, तुझे वडील अजून जन्मायचेत, उद्या जन्मणार आहेत."

सहीबाई हसल्या नाहीत. पलीकडे भूत हसलं, घरघरलं, थांबलं. लेकीला थोपटणारा त्यांचा हातही थांबला.

"तुमचं वय किती?"

"सव्वीस."

त्या उठल्या. कपाटातून एक जुनी वही काढली, कडा झिजून मऊ पडलेली. पान शोधावं लागलं नाही. वही आपोआप तिथेच उघडली. ओळ भरलेली होती. मुलगा, दहा महिन्यांच्या आतला. कारंज्याजवळ. एका पायात मोजा. शेवटचा रकाना रिकामा.

"पार्क बंद व्हायची वेळ," त्या सांगू लागल्या. "दिवे मधेच गेले होते. मेणबत्तीवर बसले होते मी. एक माणूस आला. केस ओले, शर्ट राखाडी. म्हणाला, हा माझा. मी वही पुढे केली, तर पेन उमटेना. एकच पेन होतं तेव्हा. म्हणाला, बस सुटेल बाई, उद्या येऊन करतो सही. मी दिलं."

"आला नाही?"

"नाही."

"पण मूल त्याचंच असेल की. तक्रार तर आली नाही ना कोणाची?"

"चौकीवरचे साहेब हेच म्हणाले. तीन दिवस जात होते मी. बाई, तक्रार नाही म्हणजे काही घडलं नाही. मी म्हटलं, तक्रार करणारंच कोणी उरलं नसलं तर?" त्यांनी चष्मा पुसला. "त्याला बघून बाळ रडलं नाही. हसलंही नाही. नुसतं बघत राहिलं, नवीन माणसाकडे बघतात तसं. तुमची लेक रडली, बरं वाटलं मला. राग आला तुमचा तिला. राग ओळखीच्या माणसाचा येतो."

कपाटातून एक पत्र्याचा डबा निघाला. त्यात बोटाएवढा मोजा. पांढरा, वर तांबडी पट्टी. "तो गेल्यावर खुर्चीखाली सापडला. दुसऱ्याही पायातला पडला बघा. अनवाणीच गेलं." डबा बंद करून त्या म्हणाल्या, "आता तो सव्वीसचा. फाटकातून त्या वयाचा कोणी आला की बघते. असेल तर असाच असेल, आपल्या लेकराचं बोट धरून, हसत. मग मी सुटले. हा हंगाम संपला की घरी बसायचंय मला. वह्या रद्दीत जातील. रकाना तसाच."

जगात 'उद्या करतो सही' म्हणणारी माणसं लाखो असतील. ओल्या केसांची, राखाडी शर्टाची, बस चुकवणारी तर आणखी. हे मी त्यांना सांगितलंही. "मान्य आहे," त्या म्हणाल्या. "वडील आहेत?"

"आहेत."

"विचाराल?"

फोन पिशवीत होता. एकाचे दोन होते. हात पिशवीपर्यंत गेलाही. मग मी म्हणालो, "दुपारचे झोपतात ते. उद्या विचारतो."

शब्द तोंडातून निघाले आणि आम्ही दोघांनी ते ऐकले. भिंतीपलीकडे साखळ्या वाजत होत्या. टेबलाच्या खणातून सहीबाईंनी एक पोस्टाचं कार्ड काढलं. तिकीट लावलेलं, पत्ता लिहिलेला, मागे फक्त दोन शब्द: हो. नाही. असली कार्डं खणात बरीच होती. मी पहिला नव्हतो.

"एकावर फुली मारा आणि टाका," त्या म्हणाल्या. "आणखी काही लिहायला नको."

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. बायकोचे केस पाळण्यावरच्या वाऱ्याने उभे राहिलेले होते. निदान मी तसं धरून चाललो. लेक तिच्याकडे झेपावली, हसली, सगळे तीन दात दाखवून.

"चिंधी कुठाय?" बायकोचा पहिला प्रश्न.

मी खिशातून काढून दिली. त्यावर ती जे बोलली ते इथे लिहीत नाही. कागद टिकायला हवा. सहीबाईंनी मात्र मान डोलावून प्रत्येक शब्दाला दाद दिली. मग आम्ही सह्या केल्या, तिने एक, मी एक. पेन नीट उमटलं. निघताना मी मागे पाहिलं, तर सहीबाई दारात उभ्या होत्या आणि लेकीकडे नाही, माझ्या पायांकडे बघत होत्या.

या गोष्टीला चार महिने होतील. या काळात बाबांना मी किती वेळा फोन केला याची गणती नाही. गुडघा विचारला, गच्चीची गळती विचारली, शेजाऱ्याच्या कुत्र्याचीही चौकशी केली. ते एक सोडून.

आईला आडून विचारलं. "लहानपणी मला कधी असल्या पार्कात नेलं होतं?"

"मी नाही बाबा गेले कधी," आई म्हणाली आणि गॅस बारीक करायला उठली. गॅस बंदच होता.

मग तिचा जुना अल्बम काढून बसलो. एका फोटोत मी बाबांच्या मांडीवर आहे, एका पायात मोजा, दुसरा पाय उघडा. आता, मोजा हरवलेल्या बाळाचा फोटो कोणाच्या घरात नसतो? माझ्याच लेकीचे सहा आहेत. शिवाय फोटो इतका फिकटलाय, की मोज्यावर पट्टी आहे का नुसती घडी, हे भिंग लावूनही कळत नाही. फोटोत बाबा कॅमेऱ्याकडे बघतायत. मी बाबांकडे बघतोय. रडत नाहीये, हसतही नाहीये.

बाबा 'नाही' म्हणाले, तर सहीबाईंचं ते बाळ आणखी एकदा हरवेल, आणि या वेळी माझ्या हातून. 'हो' म्हणाले, तर त्या सुटतील आणि मी अडकेन. कारण मग दुसरा प्रश्न आपल्या पायांनी चालत येतो, की स्वतःच्या बापाला मी ओळखत कसा नव्हतो, आणि आई कुठे होती.

गेल्या आठवड्यात बाबा नातीला बघायला आले. ती त्यांच्या मांडीवर बसून त्यांचं घड्याळ चावत होती. मी टीव्हीचा आवाज कमी केला. म्हटलं, "बाबा, एक विचारायचं होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

"उद्या विचार," ते म्हणाले. "बातम्या चालू आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ते गेले.

बायको सुरुवातीला चिडवायची, "टाक रे ते कार्ड, उद्याचे सम्राट!" आता चिडवत नाही. फ्रिजवर लावलेलं कार्ड येताजाता सरळ करते, बस. पार्कचा हंगाम संपायला अकरा दिवस आहेत. कार्ड पोचायला, पोस्टात तिकिटं विकणारी बाई म्हणाली, चार लागतात.